माझं मॅचचं तिकीट नवऱ्याच्या साहेबांना

मंडळी, आज सकाळी चहा पिताना कळलं की बार्सिलोनातल्या मॅचला मी जाणार नाहीये.

लग्न होऊन परळला आले तेव्हा नितीनला, म्हणजे नवऱ्याला, ऑफसाइड म्हणजे काय हे मी शिकवलं. माहेरी माझगावला मी मुलांच्या टीममध्ये गोलकीपर होते. ही ट्रिपही मीच ठरवली. आधी मॅचची तारीख बघितली, मग तिच्या आजूबाजूला चर्च, जुना बाजार, समुद्रकिनारा बसवला. मॅचची दोन तिकिटं मिळाली तेव्हा ऑफिसातच डोळ्यांत पाणी आलं होतं.

आज नितीन म्हणाला, "अगं, आमचे साहेब पण त्याच आठवड्यात तिथे आहेत. तुझं तिकीट मी त्यांच्या नावावर केलंय. प्रमोशनचं चाललंय ना माझ्या. तू तेवढ्यात ते चर्च बघून ये."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

सासूबाई म्हणाल्या, "टीव्हीवर दिसतेच की मॅच."

मी माझं विमानाचं तिकीट रद्द करून टाकलं. तेव्हापासून घरात सगळे म्हणताहेत, ही रुसलीय.

तुम्हीच सांगा, याला रुसणं म्हणतात का?