फांगबाईचा सत्कार

सत्कार म्हटलं की मला आता शिसारी येते. शाल दिसली तरी मी तोंड फिरवते. आमच्या मंडळाचा अध्यक्ष विलास, त्याला मी हे तोंडावर सांगितलंय. हसतो मेला.

इथे कॅनडात, नॉर्थ यॉर्कला आमच्या प्लाझात फांगबाईचं ऑल्टरेशनचं दुकान आहे. चिनी बाई, साठीला टेकलेली. मी पहिल्यांदा ब्लाउज टाकला तेव्हा तिनं माझा जुना ब्लाउज उसवला, परत जसाच्या तसा शिवला आणि मगच नव्या कापडाला कात्री लावली. तेव्हापासून इथल्या झाडून साऱ्या मराठी बायका तिच्याकडेच जातात. कटोरी म्हणा, प्रिन्सेस कट म्हणा, बाहीला एक चुणी पडेल तर शपथ!

रोज सकाळी मशीनला मोबाइल टेकवून ती आईशी व्हिडिओ कॉल करायची. तिकडे चीनमध्ये तेव्हा रात्र. नव्वदीची म्हातारी, तोंडाचं बोळकं, पण आमच्या साड्या बघायची भारी हौस. माझी आमसुली पैठणी बघून म्हणाली होती, "हा रंग म्हाताऱ्यांना शोभतो, मला पाठवून दे." आम्ही काय हसलो होतो! तिला ही एकच पोर उरलेली. थोरला मुलगा एकोणनव्वद साली बीजिंगच्या चौकात विद्यार्थ्यांच्या निदर्शनांना गेला, चार जूनला तिथे सैन्यानं गोळ्या घातल्या, तो घरी आलाच नाही. तिकडे त्याचं नाव काढायचीही चोरी. म्हणून दर चार जूनला फांगबाई दुकान बंद ठेवायची आणि मेणबत्ती घेऊन इथल्या स्मरणसभेत उभी राहायची, तोंडावर मास्क लावून. चेहरा दिसला तर आईच्या दारात पोलीस येतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

यंदा तिथून जाता-जाता विलासनं तिला नुसत्या चालण्यावरून ओळखलं. झालं! आमच्या लोकांना कुणी जरा बरं दिसलं की शाल घालायची खाज सुटते. तुमच्या शिवणकामाचा सत्कार आहे, असं सांगून त्यानं तिला बोलावलं. बिचारी माझी साडी नेसून, स्वतः शिवलेला ब्लाउज घालून आली. स्टेजवर बॅनर काय, तर 'चिनी हुकूमशाहीला ललकारणारी रणरागिणी'! तिला मराठी कुठलं वाचता येतंय? शाल घेतली, नारळ घेतला, कॅमेऱ्याकडे बघून गोड हसली. शालसुद्धा मेड इन चायना होती. मी किचनमधून मसालेभात घेऊन बाहेर येईपर्यंत फोटो फेसबुकवर चढला होता, तिचं पूर्ण नाव, दुकानाचा पत्ता आणि खाली इंग्रजी भाषांतर.

"आत्ताच्या आत्ता डिलीट कर!" मी ओरडले.

"देवयानीवहिनी, तीनशे शेअर झालेत. चीनला कळू दे की!"

चीनला कळलंच. पुढच्या आठवड्यात मी दुकानात असतानाच म्हातारीचा कॉल आला. खुर्चीत ताठ बसलेली, केस चापून विंचरलेले, आणि स्क्रीनच्या कडेला निळ्या गणवेशाची एक बाही. म्हातारी त्या बाहीकडे बघायची, काहीतरी विचारायची, पुन्हा बघायची. फांगबाईनं तडक कॉल बंद केला. मग मला म्हणाली, "आई विचारते, सभेत तुझ्याबरोबर कोण कोण असतं, त्यांची नावं सांग."

थू! जिला पोराचं मरण गिळायला लावलं, तिच्याच तोंडून दुसऱ्यांच्या पोरांची नावं काढायची? नव्वदीच्या म्हातारीला पुढे बसवून तिच्या आड लपणारी ही कसली महासत्ता!

"मी फोन उचलला तर ते तिला पुन्हा विचारायला लावतील," फांगबाई म्हणाली. "उचललाच नाही, तर ती त्यांच्या काही कामाची उरणार नाही. मग सोडतील तिला."

परवा विलास पुन्हा दुकानात हजर. "आईंवरही दोन शब्द बोला ना, छान व्हिडिओ काढू." मी दंड धरून त्याला दाराबाहेर काढला. तेवढ्यात मोबाइल वाजला. स्क्रीनवर म्हातारीचा हसरा फोटो. फांगबाईनं तिकडे पाहिलं नाही, पायाखालचं पेडल दाबलं. मशीन धडधडायला लागली. सुईखाली कापडच नव्हतं. रिंग थांबेपर्यंत ती तशीच शिवत राहिली.