यज्ञूकाकांचा अभिप्राय

यज्ञेश्वर डबीर हे माझे सख्खे काका. झाशीतल्या आमच्या मूठभर मराठी घरांत त्यांचं नाव अजून आदरानं घेतलं जातं. फ्रेमच्या दुकानातून निघालेला माणूस दिल्लीच्या मोठमोठ्या कलादालनांत पोचला, हे थोडं नव्हे. लहानपणी शाळेत मीही त्यांच्या नावावर भाव खाल्ला आहे. पुढे कळलं ते कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं मात्र मला कधी वाटलं नाही.

माणिक चौकात भीमरावांचं तसबिरी मढवण्याचं दुकान होतं. काका तिथं कामाला लागले तेव्हा वीस वर्षांचे होते. काच कापणं आणि पट्टी जोडणं महिन्याभरात शिकले. मग कसर लागलेली जुनी चित्रं दुरुस्त करायला लागले. भोक पडलेल्या जागी मागून पातळ कागद खळीनं चिकटवायचा, पुढून बारीक कुंचल्यानं रंग भरायचा. जोड कुठं आहे ते भीमरावांनाही सापडायचं नाही. गणपतीत मराठी मंडळाच्या नाटकाचे पडदे तेच रंगवायचे. मेडिकल कॉलेज निघालं तेव्हा तिथल्या मास्तरांना हाडांचे तक्तेही त्यांनीच काढून दिले. एवढा हात असून स्वतःचं म्हणून चित्र मात्र त्यांनी एकही काढलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "काढू की, घाई काय आहे?"

अनुसूयाआत्या ही त्यांच्या वडिलांची बहीण, बालविधवा. खंडेराव दरवाज्याजवळ आमच्याच घरात राहायची. तिच्या देवांशेजारी एक चित्र होतं, वीतभर कागदाचं. पांढरा अंगरखा घातलेले बापूराव डबीर आणि त्यांच्या मांडीवर पाच वर्षांचा मुलगा. बापूराव झाशी दरबारात कारकून होते, सत्तावनच्या गदरात मारले गेले. इंग्रज शहरात शिरले तेव्हा त्यांच्या बायकोनं मुलाला कडेवर घेतलं, हे चित्र पोटाशी बांधलं आणि ती समथर संस्थानाच्या वाटेला लागली. तो मुलगा म्हणजे आत्याचे आजोबा. आत्या रोज सकाळी देवपूजा झाली की बापूरावांनाही एक फूल वाहायची.

अडुसष्ट साली त्या चित्राला कसर लागली. आत्यानं ते काकांच्या हातात दिलं. "यज्ञू, तुझ्याशिवाय कुणाला देणार नाही. सांभाळून हो."

पुढचं काकांनीच तीस वर्षांनी सांगितलं. चित्र दुकानात सुकत ठेवलं होतं आणि दिल्लीच्या एका कलादालनाचा माणूस जुन्या वस्तू शोधत तिथं आला. त्यानं आधी चित्र पाहिलं, मग काकांनी केलेली दुरुस्ती पाहिली, आणि सरळ म्हणाला, "ये मुझे दे दो और तुम भी साथ चलो. ऐसे हाथ यहाँ सड़ रहे हैं."

काकांनी तीन आठवडे मागितले. जुन्या वहीतला कोरा कागद मिळवला, चहाच्या पाण्यात भिजवून पिवळा केला आणि बापूरावांची हुबेहूब नक्कल काढली. मूळ चित्र दिल्लीला गेलं, नक्कल जुन्याच चौकटीत बसून आत्याच्या देवांशेजारी आली.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते, तिथंच बसले होते. आत्यानं चित्र हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"हे आपलं नाही," ती म्हणाली.

"असं काय करतेस आत्या? साफ केलंय, म्हणून नवं वाटतंय."

"बापूरावांची डावी पापणी उतरती आहे. माझ्या आजोबांची होती, तुझ्या बापाची होती, तुझी आहे. ह्याचे दोन्ही डोळे सारखे आहेत. हा आमचा माणूस नव्हे, यज्ञू. आमचं चित्र कुठंय?"

काकांना ती पापणी जुन्या चिताऱ्याची चूक वाटली होती. नक्कल करताना त्यांनी ती सरळ केली होती. आता ते एक शब्द बोलले असते तरी चाललं असतं. पण ते माझ्या आईकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, आत्याच्या डोळ्यांचं काहीतरी बघायला हवं."

चित्रांतलं त्यांच्याइतकं घरात कोणाला कळत होतं? आईनं आत्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "माताजी, मोतियाबिंद शुरू हो गया है." झालं. त्या दिवसापासून आत्या चित्राबद्दल काही बोलली की आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. शेजारची चंपामावशीसुद्धा आईला समजवायची, "बुढ़ापे में ऐसा होत है, बिन्नू." थोड्या दिवसांनी आत्यानं बोलणं सोडलं. फूल वाहणंही सोडलं. शेवटची अकरा वर्षं ती त्या कोपऱ्याला पाठ करून बसायची आणि आम्ही तेही तिच्या वयावर ढकललं.

काका दिल्लीत चढत गेले. आधी दुरुस्ती, मग छायाचित्रं, मग प्रदर्शनांच्या पुस्तिकांमधले मजकूर. हिंदी साप्ताहिकांत लेख, रेडिओवर भाषणं, स्पर्धांचे परीक्षक, जुन्या चित्रांचे जाणकार. कुठलं चित्र कुठल्या गावचं, कुठल्या काळातलं, यावर त्यांचा अभिप्राय शेवटचा मानला जाई. आत्या गेली तेव्हा ते कुठल्याशा परिषदेत होते. तार आली: येणे अशक्य.

सत्त्याण्णव साली निवृत्त होऊन ते झाशीला परतले. काकू गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. एकदा दुपारी घरी आले, त्या कोपऱ्यासमोर उभे राहिले आणि आईला म्हणाले, "वहिनी, आयुष्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत मी काढलेलं चित्र हे एवढं एकच." आणि मग सगळं सांगितलं.

आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. "म्हणजे आत्याबाईंना दिसत होतं."

"हो."

"आणि आम्ही त्यांना वेडं ठरवलं. तुमच्या सांगण्यावरून."

काकांनी ती चौकट उचलून तिच्यासमोर ठेवली.

"मूळ चित्र कुठं आहे भावजी?"

ते परदेशातल्या एका संग्रहात होतं. काकांनी त्याची छापील पुस्तिका आणून दाखवली. बापूराव होते, मुलगा होता, उतरती पापणी होती. खाली लिहिलं होतं: अनाम सरदार, बहुधा राजस्थान. चित्र कुठून आलं हे कोणी शोधू नये म्हणून पुढे जाणकार म्हणून नाव झाल्यावर काकांनीच तो अभिप्राय दिला होता.

आईनं त्यांना त्या संग्रहाला पत्र लिहायला लावलं. चार महिन्यांनी उत्तर आलं. काकांनी ते मराठीत वाचून दाखवलं: आपल्या सूचनेबद्दल आभार, परंतु या चित्राविषयी नामवंत अभ्यासक श्री. डबीर यांचा लेखी अभिप्राय आमच्याकडे असून तो बदलण्याइतका पुरावा दिसत नाही. काकांनी पुन्हा लिहिलं की तो डबीर मीच. त्यावर उत्तर आलं नाही.

"त्यांचं राहू द्या," आई म्हणाली. "इथल्या लोकांना तरी सांगा. आत्याबाईंना हसले त्यातले निम्मे अजून जिवंत आहेत."

काका कबूल झाले. त्या वर्षी गणपतीत मंडळानं त्यांचा सत्कार ठेवला होता. तिथंच सांगतो म्हणाले. आई पहिल्या रांगेत बसली. शाल झाली, नारळ झाला, काका उभे राहिले. बुंदेलखंडातल्या चित्रकलेवर त्यांनी पाऊण तास सुंदर भाषण केलं. मध्ये एकदा आईकडे पाहिलं, पाणी प्यायले आणि दतियाच्या महालातल्या भिंतींविषयी बोलायला लागले. टाळ्या खूप पडल्या.

परतताना रिक्षात ते म्हणाले, "वहिनी, जमलं नाही."

आई म्हणाली, "दिसलं ते." त्यानंतर ती त्यांच्याशी चहा-पाण्यापुरतंच बोलली. पाच वर्षांनी काका गेले. मंडळाच्या शोकसभेत त्यांच्यावर आठ जण बोलले. आईलाही बोलायचा आग्रह झाला, पण तिनं नुसती मान हलवली. घरी आल्यावर मला म्हणाली, "मी सांगितलं असतं तर म्हणाले असते, म्हातारीचं वय झालंय."

तेव्हा ती बहात्तर वर्षांची होती.