वांगं चिरल्याचा आळ

डोणगावच्या मंजुळाबाईला मुलगी झाली, तेव्हा तिच्या बोटांना टोकं नव्हती. आठही बोटं मधल्या पेरावर संपलेली. नखं फक्त अंगठ्यांना. सासूने त्याच दिवशी ठरवून टाकलं, पोटुशी असताना हिने ग्रहणात वांगं चिरलं. मंजुळाबाईला तसं काही आठवत नव्हतं. पण तीस वर्षं ऐकून ऐकून तिला ते वांगंही दिसायला लागलं आणि विळीही.

मुलीचं नाव छाया. त्याच बोटांनी ती शिवण शिकली, मेहकरला दुकान टाकलं. उशिरा का होईना, लग्न झालं. दिवस गेल्यावर तिने सरकारी दवाखान्यात विचारलं, "माह्या लेकराले पण असंच होईन का?"

डॉक्टरीणबाईंनी तिचं आणि आईवडिलांचं रक्त तपासायला पाठवलं. दीड महिन्याने तिघांना बोलावलं.

"ग्रहणाचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "पेशीच्या पृष्ठभागावर आरओआर-टू नावाचं प्रथिन असतं. त्याच्या जातीची बाकीची प्रथिनं दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवून कामाला लावतात. याला ते जवळजवळ जमतच नाही, म्हणून पुष्कळ दिवस त्याला निकामी समजत. पण बाहेरचा निरोप तेच धरतं आणि जोडीच्या प्रथिनांकरवी आत पोचवतं. गर्भात बोटांची टोकं त्या निरोपावर वाढतात. छायाचं हे प्रथिन अर्धवट बनतं. बाळात उतरायची शक्यता निम्मी; एकाच घरात कुणात कमी दिसतं, कुणात जास्त."

मंजुळाबाईने एवढंच विचारलं, "माह्याकडून आलं का?"

"नाही. यांच्याकडून."

छायाचे वडील उकंडराव खाली बघत होते. त्यांच्या दोन्ही करंगळ्या अर्ध्या होत्या. कडबाकुट्टीच्या यंत्रात गेल्या, असं ते सांगत. दोन्ही हातांच्या करंगळ्या सारख्याच कशा तुटल्या, हे कोणी विचारलं नव्हतं.

"जन्मापासून हायेत," ते म्हणाले. "मायनं सांगतलं होतं, बोलू नको म्हणून."

"म्हणजे सासूबाईले माहीत होतं," मंजुळाबाई म्हणाली. "अन् तुमालेबी."



मंजुळाबाई बाळंतपणासाठी लेकीकडे गेली, ती डोणगावला परतलीच नाही. छायाला मुलगी झाली. तिचीही बोटं तशीच. छायाने आपल्या सासूला पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे माह्याकडून आलं. माह्या मायचं नाव घेऊ नका."

बाराव्या दिवशी उकंडराव आले. मंजुळाबाई उठून मागच्या अंगणात गेली. नातीचा हात हातात घेऊन ते बराच वेळ बसले. त्यांना कोणी चहा विचारला नाही.