डाव्या बाजूचा मान्नी

मान्फ्रेड पियोन्तेकला आमच्या वस्तीत पूर्ण नावानं हाक मारते ती एकटी वरच्या मजल्यावरची लोकांपबाई, आणि तीही भांडायचं असलं की. बाकी सगळ्यांचा तो मान्नी. आजा कोळशाच्या खाणीत राबला, बाप खाणीत राबला. खाणी बंद पडायला लागल्या तसा मान्नी मोटारीच्या कारखान्यात लागला आणि बावीस वर्षं त्यानं एकच काम केलं. गाडीला सनरूफ, म्हणजे छतातली सरकती काच, बसवायचं. तेही अख्खं नाही. फक्त डावी बाजू.

हसू नका. पट्ट्यावरून गाडी सरकत पुढे येते, छताला भोक तयार असतं, एक माणूस डावीकडून भिडतो, एक उजवीकडून. डावीकडे मान्नी, उजवीकडे रिझा अकबुलुत. आपली बाजू नीट बसली की बोटाच्या पेरानं छतावर दोनदा ठोकायचं. पलीकडूनही दोन ठोके आले की मग मोटर जोडायची. त्या गोंगाटात बोलणार काय कपाळ! ठक-ठक, ठक-ठक, असा दिवस जायचा. रिझा नऊ वर्षांचा असताना आईबापांबरोबर तुर्कस्तानातून इथं आलेला. आमच्या फुटबॉल संघाला तो मान्नीपेक्षा कडक शिव्या द्यायचा. दोघांची सुट्टी एक, डबा एक. मान्नीची बायको गुद्रुन कारखान्याच्याच कँटीनमध्ये वाढायला होती. ती म्हणायची, "मला अर्धाच नवरा मिळालाय. उरलेला अर्धा रिझाकडे आहे."

मग एके दिवशी कारखाना बंद होणार अशी बातमी आली. कँटीनमध्ये माणसं ताटावर नुसती बसून होती. रिझा म्हणाला, "आता आपण काय करायचं रे मान्नी?"

आणि मान्नीच्या तोंडून गेलं, "तुझं काय, तुला परत जायला तुझा देश आहे. आम्ही कुठं जायचं?"

जिभेला हाड नसतं हेच खरं. साठ माणसांसमोर बोलला. गुद्रुन बटाट्याच्या सॅलडचा डाव हातात धरून तिथंच उभी होती. रिझा उठला, ताट ठेवून आला आणि कामावर जाऊन उभा राहिला. त्यानंतर कारखाना सात महिने चालला. सात महिने छतावर ठोके पडत होते, शब्द एक नाही. त्यालाही आता नऊ वर्षं होऊन गेली. दोघांची घरं चार गल्ल्यांच्या अंतरावर, पण मान्नी पाव आणायलासुद्धा लांबच्या बेकरीत जायचा. चूक आपली आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर जायचा.

यंदा ऑक्टोबरात गुद्रुनच्या फुप्फुसांनी हात टेकले. तिची खाट पहिल्या मजल्यावर, अंगणाकडच्या खिडकीशी. नाकात नळी, कोपऱ्यात प्राणवायूचं यंत्र घरघर करतंय. शेवटचे दिवस काढायला जिथं नेतात त्या घरात तिला सोमवारची जागा मिळाली होती. परत यायचं नाही हे तिलाही ठाऊक होतं, त्यालाही. तिनं एकच मागणं मागितलं.

"या पांढऱ्या छताचा मला वीट आलाय मान्नी. तिथंही पांढरंच असणार. एकदा मला गाडीत आडवी घाल, वरचं छत उघड आणि टेकडीवर ने."

टेकडी म्हणजे खाणीच्या मलब्याचा ढीग, आता वर गवत आलंय. तिथं दर रविवारी दोघं गाडी लावायची, सीट मागे पाडायची, छत उघडायची आणि थर्मासमधली कॉफी पीत आकाशाकडे बघत पडायची. गाडी त्यांच्याच कारखान्यातली, छत मान्नी-रिझाच्या हातचं. पण ते दोन वर्षांपूर्वी तिरकं होऊन अडकलं, तेव्हा मान्नीनं ढकलून ढकलून कसंबसं मिटवलं, ते मिटलेलंच होतं. आता गॅरेजवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला, अख्खं बदलावं लागेल, तीन आठवडे लागतील.

"तीन आठवडे?" मान्नी भडकला. "बावीस वर्षं मी हेच बसवलंय! घरी करतो मी."

शनिवारी सकाळी नर्सबाई येऊन गुद्रुनला तपासून गेली. जाताना दारात म्हणाली, "न्यायचं असेल तर आज न्या. आज त्या बसू शकतायत. उद्याचं मी सांगत नाही."

मान्नी अंगणात कामाला लागला. आतलं अस्तर सोडवलं, काच उतरवून जुन्या चादरीवर ठेवली, काचेच्या खाचेतला चिकट काळा राप काड्यांनी कोरून काढला. काच ज्याच्यावर सरकते तो डावीकडचा प्लॅस्टिकचा तुकडा चिरला होता. त्याचं काय मोठंसं! तळघरातल्या खोक्यात तसे चाळीस तुकडे होते. कारखान्यातून जाताना प्रत्येकानं खिसे भरून काहीबाही नेलं होतं, चोरी म्हणा नाहीतर आठवण म्हणा. नवा तुकडा घातला, ग्रीस लावलं. डोळे मिटून करावं इतकं हाताला पाठ होतं. मग काच ओढणारी उजवीकडची केबल डावीकडे बघून अगदी तशीच बसवली, काच चढवली आणि बटण दाबलं.

काच चार बोटं सरकली, वाकडी झाली आणि उजवीकडून कट्‌ असा आवाज आला.

उघडून बघतो तर उजवीकडच्या तुकड्याचे दोन भाग. तो तळघरात धावला. खोकं उपडं केलं, चाळीसच्या चाळीस तुकडे फरशीवर पसरले. सगळे डावे. उजवा येणार कुठून? उजवे रिझानं नेले होते.

वर गेला तेव्हा चार वाजले होते. गुद्रुन उशीला टेकून बसली होती, केस विंचरलेले, अंगात निळा स्वेटर. शेजारणीकडून घालून घेतला असणार.

"उजवा तुकडा मोडला," तो म्हणाला.

"रिझाकडे असेल."

"दुसरं काहीतरी बघतो."

"मान्नी, चार गल्ल्या आहेत. चालत जा."

"नऊ वर्षांनी त्याच्या दारात जाऊन काय सांगू? तुकडा दे?"

"जे तेव्हा सांगायला हवं होतंस ते सांग. मग तुकडा माग." तिला दम लागला. श्वास जागेवर येईतो ती थांबली. "मला आकाश बघायचंय रे. तुझा ताठा बघत चाळीस वर्षं काढली मी, तो बघून झालाय."

पण सुंभ जळला तरी पीळ जातोय थोडाच! मान्नीनं दोन नळ्यांचा तो पक्का गोंद आणला, मोडका तुकडा चिकटवला, शिकंजात आवळला आणि डब्यावरचं वाचून तिला म्हणाला, "रात्रभर वाळू दे. उद्या सकाळी जाऊ. रविवारच आहे, आपला नेहमीचा." संध्याकाळी तिनं स्वेटर काढून ठेवायला सांगितलं.

रविवारी सकाळी गोंद लावलेला तुकडा पहिल्याच झटक्याला तुटला. वर गुद्रुनला ताप भरला होता आणि श्वास घेताना तिचे खांदे उचलत होते. मान्नी तसाच, ग्रीसच्या हातांनी निघाला. वाटेत त्यानं वाक्य जुळवलं: रिझा, तेव्हा मी बोललो ते चुकलं, मला माफ कर. चार गल्ल्या घोकत गेला. रिझानंच दार उघडलं. पांढऱ्या मिशा, पायात सपाता, हातात चहाचा चिमुकला पेला. त्याला बघून मान्नीच्या तोंडून आलं, "उजवीकडचा तुकडा पाहिजे."

घ्या! असा माणूस.

रिझानं त्याच्या ग्रीसच्या हातांकडे पाहिलं. "कशाला?"

"गुद्रुनला आकाश बघायचंय. उद्या नेतायत तिला. शेवटचं."

"काय झालंय तिला?" रिझानं पेला खाली ठेवला. "कधीपासून? आणि हे मला आज सांगतोस? मी तिच्या हातचं वीस वर्षं जेवलोय रे हलकटा!"

रिझा तळघरात गेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी घेऊन आला, दारातच बूट चढवले. "चल."

अंगणात रिझानं छताच्या भोकात डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "हे काय करून ठेवलंयस गाढवा? दोन्हीकडे सारखं? उजवीकडची केबल मोटरला वळसा घालून येते. ती मोटरच्या चाकावर एक दात मागे ठेवायची असते."

"मला कसं कळणार? मी डावीकडे होतो."

"बावीस वर्षं माझ्यासमोर उभा होतास. एकदा तरी विचारलंस, मी इकडे काय करतो ते?"

मान्नी डावीकडे जाऊन उभा राहिला. रिझानं नवा तुकडा बसवला, केबल एक दात मागे घेतली, दोघांनी मिळून काच चढवली. दोघांचे हात चुकत नव्हते. मग रिझानं पेरानं छतावर दोनदा ठोकलं.

मान्नीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यानंही दोनदा ठोकलं.

वरची खिडकी धाडकन उघडली. "मान्फ्रेड पियोन्तेक! आज रविवार आहे! रविवारी ठोकाठोक चालत नाही, नियम म्हणजे नियम!" लोकांपबाईच. मग तिला पलीकडे उभा असलेला रिझा दिसला. तिनं खिडकी हळूच लावून घेतली.

मान्नीनं बटण दाबलं. काच सरळ मागे गेली, अगदी शेवटापर्यंत. गाडीच्या सीटवर ऑक्टोबरचं फिकं ऊन पडलं. मान्नीनं सीट मागे पाडली, उशी ठेवली, दोन गोधड्या घातल्या आणि तो दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाला.

नर्सबाई खाटेशी उभी होती. "नाही," ती म्हणाली. "आता नाही हलवायचं. जिन्यातच जातील त्या."

"काल बसली होती! काल केस विंचरले होते तिनं!"

"काल बसल्या होत्या," नर्सबाई म्हणाली. "मी म्हटलं होतं तुम्हाला."

मान्नी खुर्चीत बसला. काल चार वाजता, चार गल्ल्या. एवढंच तर होतं. आपण तिचं आकाश गोंदाच्या शिकंजात आवळून ठेवलं हे त्याला तेव्हा कळलं आणि आपल्या हातांकडे बघवेना त्याला.

गुद्रुननं डोळे उघडले. "उघडलं?"

"उघडलं गं. अख्खं उघडलं."

"ठोके ऐकले मी." ती किंचित हसली. श्वासाश्वासाला थांबत तिनं विचारलं, "बोललास का... त्याच्याशी? तेव्हाचं?"

मान्नी बोलला कुठे होता? तुकडा मागितला, शिव्या खाल्ल्या आणि दोनदा ठोकलं. आजवर तो तिच्याशी खोटं बोलला नव्हता, आणि खरं तरी या घटकेला कसं सांगणार?

"बोलला, गुद्रुन," दारातून रिझा म्हणाला. तो केव्हा वर आला ते कुणालाच कळलं नव्हतं. "आल्या आल्या पहिलं तेच बोलला. माझ्या दारात उभं राहून."

"खरं?"

"आईशप्पथ."

तिनं डोळे मिटले. तिचा हात चादरीवर उघडा पडला होता, त्यात रिझानं आपला हात ठेवला.

रिझा निघाला तसा मान्नी त्याच्या मागोमाग जिन्यात आला. कठडा धरून म्हणाला, "रिझा, थांब. तेव्हा कँटीनमध्ये मी जे—"

"नको." रिझा वळला. त्याचे डोळे लाल झाले होते, आवाजही चढला होता. "आता नको बोलूस. तिला मी शपथ घेऊन सांगितलंय की तू बोललास. ती जिवंत आहे तोवर मला खोटं पाडू नकोस."

"आणि मग?"

"मग ते ऐकून मी काय करू, मान्नी?"

तो खाली उतरून गेला.

सोमवारी सकाळी आठला रुग्णवाहिका आली. दोन माणसांनी गुद्रुनला खुर्चीत बांधून जिन्यानं उतरवलं. अंगणात ती चार पावलं उघड्यावर होती, पण त्यांनी तोंडावर मास्क धरला होता आणि तिचे डोळे मिटलेले होते. दार लागलं. मान्नी आपल्या गाडीत बसला. शेजारची सीट अजून मागे पाडलेली, उशी, गोधड्या तशाच. पाऊस भुरभुरत होता. त्यानं छत मिटवलं नाही. ते तसंच उघडं ठेवून तो तिच्या मागोमाग निघाला.