जयवंतरावांची बेल

समोरच्या फ्लॅटमधल्या जयवंत पेडणेकरांनी मोबाइल सोडला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. साल होतं २००७. आमच्या चंदनसार भागातली भाजीवालीसुद्धा मिस्ड कॉल द्यायला लागली होती, आणि या माणसाने रिटायर झाल्याबरोबर मोबाइल भाच्याला दिला, घरातला फोन आणि इंटरनेट दोन्ही काढून टाकलं. विचारलं तर म्हणाले, "आता माणसांशी समोरासमोर बोलायचं ठरवलंय." असं कोणी ठरवतं का? नक्कीच कोणाला तरी टाळत असणार!

मी सेफ्टी डोअरमागून लक्ष ठेवलं. रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते निघायचे आणि बिल्डिंगमध्ये कोणाची तरी बेल वाजवायचे. कधी हातात कढीपत्ता, कधी काहीच नाही. सोमवारी पहिला मजला झाला, मंगळवारी दुसरा. बुधवारी आमची बेल वाजली. आठ वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच.

दार न उघडता मी जाळीतूनच विचारलं, "काय काम होतं?"

"काम काही नाही, वहिनी. सहज आलो."

सहज? माझा संशय पक्का झाला.

"अहो, मग यायच्या आधी एक फोन तरी करायचा!"