अर्जुनरावांचं जोतं

चौसाळ्याच्या अर्जुनरावांना लोक 'पाटलांचे धाकटे' म्हणून ओळखत. ही ओळख त्यांना चाळीस वर्षं पुरली. वडील पाटील होते तेव्हा ते पाटलांचे धाकटे होते. वडील गेले, पाटीलकी थोरल्या भगवानरावांकडं आली, तरी हे पाटलांचे धाकटेच. मधे फक्त पाटील बदलला. लिंबागणेशला नारळ फोडायला गेले तरी पुजारी नारळ हातात घेऊन आधी मागं बघायचा आणि विचारायचा, "पाटील न्हाई आले?"

स्वभावानं माणूस सरळ. खोड एकच. एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही, असं त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. वैद्य नाडी बघून काही बोलला, तर हे वैद्याच्या आधी मान हलवायचे. तहसिलीतला उर्दू कागद कुणी वाचून दाखवायला लागलं की "हां, हां, तेच ते" म्हणायचे, आणि घरी येऊन त्यात काय होतं हे केसरबाईंना विचारायचे. केसरबाई म्हणजे त्यांची बायको. तिला उर्दू तर सोडाच, मोडीही येत नव्हती. पण आपल्या नवऱ्याला काय कळलेलं नाही, हे तिला बरोबर कळायचं.

फसली तेराशे बत्तीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे बावीसच्या सुमाराला बीडच्या सडकेवर गाड्यांची ये-जा वाढली. वाटणीत अर्जुनरावांकडं सडकेलगतचा एक तुकडा आला होता. काळी जमीन, पण पीक यथातथाच. तिथं दुकानांचे पाच गाळे बांधायचे, असं त्यांनी ठरवलं. बीडचे कापडवाले सुंदरराव चौसाळ्यात दुकान काढायचं म्हणत होते. दसऱ्याला गाळे तयार असतील तर तीन आपण घेऊ, असा त्यांचा शब्द होता. सुंदरराव आले की बाकीचे दोन गाळे आपोआप भरणार. आणि मग उभ्या बाजारात एक तरी जागा अशी झाली असती, की जिला लोकांनी अर्जुनरावांच्याच नावानं ओळखावं.

मिस्त्री आणला त्रिंबक. धर्मापुरीकडचा. तिथल्या जुन्या देवळाचा एकेक दगड आपल्याच खापरपणज्यानं बसवल्यासारखा बोलायचा, पण कामाला चोख. त्याची एक रीत होती. मालकाला विचारल्याशिवाय तो दगडाला दगड लावत नसे. पायाची दोरी ताणून झाली आणि तो रुमाल खांद्यावर टाकून समोर उभा राहिला.

"मालक, जोतं किती घ्यायचं?"

जोतं म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतची उंची, एवढं अर्जुनरावांना ठाऊक होतं. ते किती असावं आणि कशावरून ठरवावं, हे ठाऊक नव्हतं. पण त्यांच्या मनात एक उत्तर कित्येक वर्षं तयार होतं.

"दादाच्या घराचं किती हाय?"

"पाटलांचं अडीच हात भरंल."

"मग अडीच हात आन वर एक वीत."

त्रिंबकनं कान खाजवला. "घराला ठीक हाय, मालक. पर ही दुकानं. दुकानाचं जोतं म्हंजी—"

"ठाऊक हाय मला."

"बरं. आन ओटा किती सोडायचा? का हद्दीला हद्द भिंत घ्यायची?"

गावात ओटा म्हणजे रिकामटेकड्यांची बैठक. आपल्या जागेतला एक खण, म्हणजे दोन खांबांमधली जागा, सोडायचा आणि तिथं लोकांनी पान खात बसायचं, हे अर्जुनरावांना मुळीच पटलं नाही. "हद्दीला हद्द," ते म्हणाले. "गिऱ्हाईक आत येणार. ओट्यावर कावून बसंल?"

"तसं न्हाई मालक. दुकानाला ओटा म्हंजी—"

"त्रिंबक, मी काय आज जन्मलो का बे?"

त्रिंबकनं मान डोलावली आणि कामाला लागला. विचारायचं काम त्याचं, सांगायचं काम मालकाचं. दोघांनी आपापलं काम केलं होतं.

भिंती चढायला लागल्या. रोज दुपारी केसरबाई गवंड्यांची भाकरी घेऊन यायची आणि चुना मळायच्या घाणीजवळ सावलीला बसायची. घाणीचा बैल गोल फिरायचा आणि तिचे डोळे बांधकामावरून फिरायचे. तीन खण खोल, ऐसपैस गाळे. वर मातीचं माळवद. सागवानी चौकटी. सगळं बघून झाल्यावर एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, ह्या दारातनं आत जायचं कसं?"

"कसं म्हंजी? पायानं."

"पायानंच म्हणते मी. पाय टेकायचा कुठं?"

अर्जुनरावांनी चौकटीकडं बघितलं. गवंडी आत-बाहेर करत होते ते बांबूच्या परांचीवरून, त्यामुळं हा प्रश्न आजवर कुणाला पडला नव्हता. "पायऱ्या टाकू की," ते म्हणाले. "बांधकामातलं तुला काय कळतंय."

भादव्यात परांची उतरवली आणि दारांपुढं दगड रचून पायऱ्या केल्या. आठ दिवसांत जमिनी तपासणारा तहसिलीचा गिरदावर घोडीवरून आला. भला माणूस होता. खाली उतरून त्यानं पायऱ्या मोजल्या, पान खाल्लं आणि म्हणाला, "अर्जुनराव, पायऱ्या सडकेच्या हद्दीत आल्यात. उचलाव्या लागतील."

"मग पायऱ्या घ्यायच्या कुठं?"

"तुमच्या जागेत."

"आमच्या जागेत आमची भिंत हाय."

"मग भिंतीला विचारा," गिरदावर म्हणाला आणि घोडीवर बसला.

पायऱ्या उचलल्या. त्याच आठवड्यात, दसरा अठरा दिवसांवर असताना, सुंदरराव जागा बघायला आले. बरोबर त्यांची आई मंजुळाबाई. दुकान मुलाच्या नावाचं, पण कुठलं लुगडं कुठल्या गावात खपतं हे म्हातारीला विचारून ठरायचं. ती गाडीतून उतरली, पदर सावरला आणि मधल्या गाळ्यासमोर जाऊन उभी राहिली. उंबरठा तिच्या हनुवटीशी आला. थोडा वेळ ती तशीच आत बघत राहिली, रांजणात वाकून पाणी किती उरलंय ते बघावं तशी.

"जागा चांगली हाय," ती म्हणाली. "आत काय ठेवायचं, कडबा?"

सुंदरराव हसू दाबत खोकले. अर्जुनराव घाईनं म्हणाले, "शिडी करू, काकू. लाकडी. सकाळी लावायची, सांजंला काढायची."

"बाळा, लुगडं बायका घेत्यात. लेकरू काखेत, टोपलं डोक्यावर. त्या काय माळ्यावर चढल्यागत चढतील? आन एखादी चढली, तर खालून बाजार बघंल." तिनं मुलाकडं वळून सांगितलं, "दसऱ्यापातूर काय करत्यात बघ. न्हाईतर पाटलांची चावडीजवळची जागा हायेच. बसकी हाय, पर माणसाची हाय."

चावडीजवळची जागा भगवानरावांची. म्हणजे सुंदरराव तिकडं गेले असते, तर त्यांचं दुकानही पाटलांचं झालं असतं आणि इकडं सडकेवर पाटलांच्या धाकट्याची पाच उंच कोठारं उभी राहिली असती. अर्जुनराव घरी आले आणि न जेवता माजघरात बसले. केसरबाईनं ताट झाकून ठेवलं.

"मिस्त्रीला इचारा," ती म्हणाली.

"काय इचारू? मीच त्याला सांगितलं."

"तेच इचारा. काय सांगितलं ते."

"लोक काय म्हणतील? बांधून झाल्यावर मालक इचारतोय."

"ताप आल्यावर वैद्याला इचारता का ताप यायच्या आधी? लोक आत्ताच काय म्हणायलेत ते सांगू का?"

अर्जुनरावांनी ते ऐकायचं टाळलं. सकाळी ते सडकेवर गेले. त्रिंबक थाप्या धूत होता. आजूबाजूला चार गवंडी, दोन गाडीवान आणि नेमके भगवानराव, शेताकडं जाता जाता थांबलेले. परत फिरावं असं अर्जुनरावांना फार वाटलं. पण दसरा परत फिरणार नव्हता.

"त्रिंबक," ते म्हणाले, आणि पुढचे शब्द त्यांच्या तोंडातून आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पडले. "मला ठाऊक न्हाई. दुकानाचं जोतं कशावरून ठरवत्यात?"

त्रिंबकनं थाप्या खाली ठेवल्या. इतके महिने गिळलेलं वाक्य त्यानं सावकाश पुरं केलं. "मालक, घराचं जोतं घरधन्याच्या मानानं घेत्यात. दुकानाचं गिऱ्हाइकाच्या गुडघ्यानं. पावसाचं पाणी आत येऊ नये इतकं वर, आन म्हातारं माणूस चढंल इतकं खाली. दीड हात लई झालं. तीन पायऱ्या."

"आन ओटा?"

"धंदा ओट्यावरच होतोय. बाई चालता चालता टेकती, बसली की कापडाचा तागा बघती. आत निस्ता माल असतो. ओटा म्हंजी जागा सोडणं न्हवं मालक, ओटा म्हंजीच दुकान."

"हे तवा कावून सांगितलं न्हाई?"

"दोनदा तोंड उघडलं होतं," त्रिंबक नम्रपणे म्हणाला.

गवंडी दुसरीकडं बघायला लागले. अर्जुनरावांनी विचारलं, आता काय करता येईल. त्रिंबकनं काडीनं मातीत काढून दाखवलं. पुढची भिंत उतरवायची, तुळईखाली लाकडी खांब द्यायचे. भिंत आणि चौकटी एक खण मागं घ्यायच्या. आतला भराव उपसून जोतं एक हात आणि एक वीत खाली आणायचं. पायऱ्या ओट्याच्या पोटातच कापायच्या, म्हणजे सडकेला धक्का नाही. माणसं दुप्पट लावली तर पंधरा दिवस. गाळे तीन खणांचे दोन खण राहतील.

एक खण गेला याचं अर्जुनरावांना तितकं वाटलं नाही. ते दबक्या आवाजात म्हणाले, "म्हंजी दादाच्या घरापेक्षा एक हात खाली."

भगवानरावांनी ते ऐकलं. "माझ्या घरापेक्षा? अर्जुना, माझ्या घराचं जोतं किती हाय?"

"अडीच हात."

"असंल. वडलांनी बांधलंय, मी कधी मोजलं न्हाई. मला तर रोज चढताना गुडघा धरावा लागतो." एवढं बोलून ते शेताकडं गेले.

अर्जुनरावांनी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघितलं. ज्या शर्यतीत आपण एक वीत पुढं गेलो होतो, तिच्यात दुसरं कुणी धावतच नव्हतं. मग ते वळले आणि त्रिंबकला म्हणाले, "लाव माणसं."

पुढच्या पंधरा दिवसांत त्यांनी त्रिंबकला इतकं विचारलं, की त्याला मालकाची आधीची खोड बरी वाटायला लागली. हा दगड असाच का, चुना किती दिवस मुरवायचा, खांबाखाली तळखडा कशाला. एकदा तर बैल डावीकडूनच का फिरतो, तेही विचारलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंजुळाबाई आली. एका हातानं खांब धरून ती तीन पायऱ्या चढली, ओट्यावर बसली, पाय सोडले, पाणी मागितलं. आतल्या दोन खणांकडं वळून बघितलं. "आत आवळच हाय," ती म्हणाली. "पर बसायला बरं हाय." आणि सुंदररावांना गाडीतले तागे उतरवायला सांगितलं.

तेव्हापासून त्या ओट्यावर माणसं टेकायला लागली. लुगडी घेणाऱ्या बायका, बैल सोडलेले गाडीवान आणि पान खाणारे रिकामटेकडेसुद्धा, ज्यांना टाळण्यासाठी ओटा सोडला नव्हता. बाजाराला आलेला माणूस दुसऱ्याला सांगायचा, "अर्जुनरावाच्या ओट्यापाशी थांब, मी येतोच." मागच्या पाच सागवानी गाळ्यांचं नाव मात्र कुणीच घेत नसे. अर्जुनराव एखाद्याला हटकायचे, "ओटा न्हवं, दुकानं म्हण." तो माणूस बरं म्हणायचा आणि ओट्यापाशी जाऊन थांबायचा.