बायांची पहिली तारीख

मी तपासणीची गाडी चालवतो. बायांच्या छातीत गाठ आहे का, ते आतल्या मशीनवर कळतं. मेसेजनं कळवलेल्या पहिल्या तारखेला कितीतरी बाया येतच नाहीत. बाया आल्या नाहीत की त्यांचे किस्से येतात! गाडी रिकामी, पण सांगायला भरपूर.

मी कान देऊन ऐकतो. माझी बायको कमल, तिचीही पहिली तारीख हुकली. तिची थोरली बहीण याच आजारानं गेली. तरी कमल येत नाही. का, ते सांगत नाही.

*

चिकलठाण्याला एका बाईच्या नंबरावर तिचा नवरा येऊन बसला. कंपनीतली शिफ्ट बुडवून! गाडीतल्या शबाना सिस्टरनं विचारलं, तुमचं इथं काय काम?

"मेसेज माझ्या मोबाईलवर आला. मंजी मलाच बोलावलं ना?"

बायकोला त्यानं सांगितलंच नव्हतं.

घरी येऊन कमलला विचारलं, तुला मेसेज मिळाला होता ना? मिळाला, म्हणाली आणि भाकरी थापू लागली.

*

दौलताबादेत एक सून गाडीत चढली आणि लगेच उतरली. गळ्यातलं काढायला सांगितलं होतं. सासू खालून कडाडली, "नवरा जित्ता हाय तिचा!"

सिस्टरनं सुनेचं मंगळसूत्र तिच्याच मनगटाला गुंडाळलं. सासूनं निरखून पाहिलं. मग स्वतःचा हात पुढं केला. "माझंबी गुंडाळा."

कमलला सांगितलं. लई हसली. आली नाही.

*

गुलमंडीत एका कापडवाल्याची बायको आणि तिची नणंद दारातूनच परत फिरल्या. सिस्टर मागं धावली. आत बाईच तपासते, असं पटवू लागली. नणंदेनं माझ्याकडं बोट केलं. "फिर वो मुच्छड कौन है?"

तेव्हापासून गाडी लावली की मी चहाच्या टपरीवर जाऊन बसतो. मिशी काढणार नाही!

*

परवा गाडी आमच्याच वस्तीत लागली. मी घरी गेलो. कमल दारात उभी होती. या वेळी कारण विचारलं नाही. नुसतं "चल" म्हणालो.

ती म्हणाली, "ताई आपल्या पायानं तपासायला गेली. तिथंच ठेवून घेतली, घरी आलीच नाय. माझंबी तसंच झालं तर?"

मला फार बोलता येत नाही. म्हणालो, "मी नेतो. मीच आणतो."

तिनं दाराला कुलूप लावलं. घराची किल्ली ती कुणाच्या हाती देत नाही, माझ्याही नाही. ती किल्ली तिनं माझ्या खिशात टाकली आणि माझ्यापुढं चालू लागली.